आगटीवालीचं काय झालं

शनिवार, १ मार्च

डायरी पुन्हा लिहायला घेतली, कारण आज तोंड उघडलं असतं तर घरात भांडण पेटलं असतं.

जेवताना दादाने सांगितलं, त्याची बदली झाली. मोठ्या पदावर. एप्रिलमध्ये तो, वहिनी आणि मुलं जाणार. सगळ्यांनी आनंद व्यक्त केला, मीही केला. मग विचारलं, "आणि आई?" दादाने पाणी प्यायलं, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "आईचं काय, तू आहेसच ना."

आहेसच. त्या 'च'ला मी गेली कित्येक वर्षं ओळखते. लग्न नाही, मूल नाही, म्हणजे ही आहेच. भिंत आहेच, नळ आहेच, तशी ही आहेच. आई शेजारीच बसली होती. तिने पुन्हा भाजी वाढून घेतली.

आणि नेमकं आजच सकाळी सरांनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं होतं. आमची कृत्रिम दात बनवणारी लॅब दुसऱ्या शहरात शाखा काढतेय. तिथे फक्त सिरॅमिकचे दात होणार आणि ते सगळं मी सांभाळावं असं त्यांच्या मनात आहे. "महिनाअखेरीपर्यंत सांगा," म्हणाले. मी हे घरी सांगणार होते. तोंडात शब्द तयार होते, ते घासाबरोबर गिळले.

एकच गोष्ट चांगली. माझ्या आवडत्या लेखिकेचा, बाईंचा, ऐंशीवा वाढदिवस या महिन्याच्या २९ तारखेला आहे. आमच्या वाचकांच्या ग्रुपने ठरवलंय, चारही खंड पुन्हा वाचायचे, आठवड्याला एक. आणि २९ला बाई स्वतः आपल्या शहरात येणार आहेत, वाचनालयाच्या सभागृहात. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. तेराव्या वर्षापासून मी त्यांच्या पुस्तकांवर जगतेय आणि त्यांचा आवाजही मला माहीत नाही.

मंगळवार, ४ मार्च

पहिला खंड निम्मा झाला. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत, प्लास्टरच्या साच्यांच्या रांगेशेजारी बसून वाचते. पलीकडे कुणाकुणाच्या जबड्यांचे साचे आ वासून बसलेले असतात. शेजारच्या टेबलावरचा, ज्याला आम्ही मास्तर म्हणतो, तो विचारतो, "या वयात राक्षसांच्या गोष्टी?" मी पान उलटते. त्याने बनवलेल्या दातांच्या कॅपा महिन्याभरात परत येतात, त्याने माझ्या वाचनाकडे लक्ष देऊ नये.

राक्षसाने नदी चोरलीय. ती परत आणायला सात जण निघतात. घाटमाथ्यावर असं धुकं आहे की ते मागची वाट खाऊन टाकतं. कुणीतरी माथ्यावर थांबून आगटी पेटती ठेवली तरच परतणाऱ्यांना वाट सापडणार. तेव्हा सातवी म्हणते, "तुम्ही जा. मी आहे इथे." बस, एवढंच. पुढे सगळे तिला आगटीवाली म्हणतात.

तेराव्या वर्षी या वाक्यापाशी मी पुस्तक छातीशी धरून रडले होते. ग्रुपमध्ये सगळ्यांनी पुस्तकातली नावं घेतलीत. कुणी गरुडस्वार आहे (खऱ्या आयुष्यात विमा विकतो), कुणी राणी. आगटीवाली फक्त मी. कुणी मागितलंच नाही ते नाव.

घरी आले तर आई स्वयंपाकघरात स्टुलावर चढून वरचा डबा काढत होती. दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून काठी हातात. काठी भिंतीला टेकवलेली आणि ही स्टुलावर. मी इतकी ओरडले की वहिनी धावत आली. आई उतरली, काठी घेतली आणि लंगडत खोलीत गेली. आणि मी नोकरीसाठी जायचं म्हणजे हिला एकटीला ठेवायचं.

सोमवार, १० मार्च

सरांना नाही म्हणून सांगितलं.

महिनाअखेरीपर्यंत कशाला थांबायचं? उत्तर माहीत असताना लोंबकळत ठेवणं मला जमत नाही. सर म्हणाले, "घरी बोललात?" मी म्हटलं, "बोलायचं काय आहे त्यात." ते चष्मा पुसत राहिले.

नंतर दिवसभर हात हलके वाटले. मी ठरवलं, मी थांबतेय, आणि कुणाला त्याचा गाजावाजाही करत नाहीये. दुसरा खंड वाचायला घेतला. यात आगटीवाली फक्त एकदा येते. दूर दरीतून सहा जणांना वर एक लाल ठिपका दिसतो आणि त्यांना धीर येतो. तिला काय येतं ते लिहिलेलं नाही. याआधी हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

रविवार, १६ मार्च

तिसरा खंड. लाल ठिपकासुद्धा नाही. चारशे पानं आणि ठिपका नाही.

घरात खोकीच खोकी. दादा मला विचारतो, चिकटपट्टी कुठे, कात्री कुठे, दोरी कुठे. जणू घर माझं आहे आणि तो पाहुणा. वहिनी कपाट रिकामं करता करता अचानक म्हणाली, "वन्सं, मी तुमच्या जागी असते ना, तर या घराचं छप्पर उडवलं असतं."

मी म्हटलं, "तुला काय, तू निघालीस."

तिचा चेहरा पडला. पडू दे. जाता जाता टोमणे मारायचे आणि वर साळसूदपणा.

आईच्या कपड्यांवर रंगीबेरंगी दोऱ्याचे तुकडे दिसले, हिरवे, जांभळे. हल्ली रोज असतात. दुपारी एकटी बसून बहुतेक जुन्या गोधड्या उसवत असेल. बिचारीला वेळ जात नाही. मी म्हटलं, "आई, कंटाळा येतो का गं?" ती म्हणाली, "मला कुठला कंटाळा. तुझं लॅबमध्ये काय चाललंय? नवीन काही?"

"काही नाही," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हातारपणी माणसं अशी टक लावून बघतात.

शनिवार, २२ मार्च

चौथा खंड संपला आणि मी पुस्तक भिंतीवर फेकलं. खरंच फेकलं. पाठीची शिवण सुटली.

शेवट मला पाठ होता असं मी समजत होते. सहा जण राक्षसाला हरवतात, नदी मोकळी होते आणि त्याच नदीवर तराफा टाकून ते घरी येतात. डोंगराच्या दुसऱ्या बाजूने. पाण्यावरून. घाटाने नाहीच. शहरभर जल्लोष, लग्नं, मेजवान्या. थोरल्याला राज्य मिळतं, जुळ्यांना जहाज. त्यांच्या घोड्याला सरदारकी मिळते. घोड्याला. आणि माथ्यावर ती बसलीय ना, आग जपत, तिला वर जाऊन कुणी सांगत नाही की अगं बाई, आम्ही पोचलो, ऊठ आता.

मी पुन्हा शेवटची पानं चाळली. म्हटलं, असेल कुठेतरी एखादी ओळ, एखादा निरोप्या पाठवला असेल. नाही. "आणि दूर माथ्यावर आग अजून तेवत होती." संपलं. हे वाक्य वाचून मी इतकी वर्षं डोळे पुसले. किती सुंदर, म्हणायचे. यात सुंदर काय आहे? ती तिथे लाकडं तोडत असेल. तिच्या हाताला फोड आले असतील. पाऊस आला असेल, लाकूड ओलं झालं असेल, धूर डोळ्यांत गेला असेल, आणि खाली हे लोक नाचतायत.

मला बाईंचा राग आलाय. असा राग मला दादाचाही कधी आला नाही. मुलींच्या हातात असलं पुस्तक देतात का? तेरा वर्षांच्या पोरीला शिकवायचं की तू थांब, तुझी ज्योत तेवेल, आणि कुणी विचारायला आलं नाही तरी त्यातच तुझा मोठेपणा.

आईने बाहेरून विचारलं, "काय पडलं गं?" मी म्हटलं, "काही नाही, पुस्तक."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला नीट ऐकू आलं नसेल.

रविवार, २३ मार्च

ग्रुपवर विचारलं, आगटीवालीला कुणी काही सांगितलं का शेवटी?

उत्तरं आली. राणी म्हणाली, तिचं थांबणं हेच तिचं सार्थक. एकाने लिहिलं, ती प्रतीक आहे, प्रतीकांना भूक लागत नाही. गरुडस्वाराने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि लिहिलं, "ताई, वाढदिवसाच्या महिन्यात नकारात्मक नको."

मी लिहिलं, तू गरुडावर बसून फिरलास, तुला काय नकारात्मक सुचणार. मला चीड आली की कुणी भांडतही नाही.

बुधवार, २६ मार्च

भट्टीचं तापमान चुकलं. समोरच्या चार दातांचा ब्रिज तडकला. माझ्या हातून असं कधी होत नाही. मास्तर सहानुभूतीने हसला आणि म्हणाला, "होतं असं. मला तर आता तिकडे रोज हे ब्रिजच करायचेत."

तिकडे म्हणजे कुठे, मी विचारलं. नव्या शाखेत. ती सांभाळायला सरांनी त्याला सांगितलंय.

त्याला.

पुढे काही लिहवत नाही.

शनिवार, २९ मार्च

बाईंना भेटले.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर एक बुटकी, ताठ बाई, पांढरे केस मानेवर बारीक कापलेले, पायात खेळाचे बूट. भाषण केलं नाही. म्हणाल्या, "मला भाषणं ऐकायला आवडत नाहीत, मग तुम्हाला का ऐकवू? विचारा काय विचारायचं ते." लोकांनी विचारलं, गरुड कसा सुचला, राक्षसाचा अर्थ काय. त्यांनी भराभर उत्तरं दिली. मी हात वर केलाच नाही.

मग सह्यांसाठी रांग लागली. मी शिवण सुटलेला चौथा खंड पुढे ठेवला. बाईंनी तो उलटापालटा करून पाहिला. "फेकलंत वाटतं?"

"हो," मी म्हटलं. "आगटीवालीला कुणी सांगायला का गेलं नाही?"

"कुणाला?"

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. माथ्यावरची, आग जपणारी, सातवी. बाईंनी डोळे मिटले. मागचे लोक चुळबुळ करायला लागले. आयोजक म्हणाला, "मॅडम, जरा लवकर." बाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

"ती," त्या म्हणाल्या. "अगं, ती सातवी. हो. पहिल्या खंडात धुक्याची अडचण होती, म्हणून तिला वर बसवली. पुढे नदीची कल्पना सुचली आणि घाटाची गरजच उरली नाही." जरा थांबून म्हणाल्या, "विसरले मी तिला."

"शेवटच्या वाक्यात आग आहे."

"ते संपादकाने घालायला लावलं. शेवट गोड होत नव्हता म्हणाला."

मी म्हटलं, "तुम्ही विसरलात. मी तीस वर्षं तिच्यासारखी वागायला बघतेय."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. दया दाखवली असती तर मी टेबल उलटवलं असतं. पण त्या चिडल्या. म्हणाल्या, "हे बघ, माझं चुकलं. वाईट लिहिलं मी ते, आळशीपणा केला. पण तू हे इतक्या वेळा वाचलंस आणि तुला आत्ता दिसलं? इतकी वर्षं काय बघत होतीस?"

मी टेबलावरच्या पुस्तकाच्या सुटलेल्या शिवणीवर बोट फिरवलं.

त्यांनी सही केली, फक्त सही, आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या राहूनच गेल्या. नाहीतरी कुठल्या तोंडाने दिल्या असत्या?

रविवार, ३० मार्च

आज सगळंच बाहेर आलं. जसं झालं तसं लिहिते.

दादा-वहिनी खरेदीला गेले होते. आईने चहा केला (मी बाथरूममध्ये होते, नाहीतर तिला गॅसपाशी जाऊ दिलं नसतं) आणि विचारलं, "काल त्या तुझ्या बाईंकडून आल्यापासून तोंड असं का?" मी तिला सगळं सांगितलं. आगटी, घाट, नदी, सरदारकी मिळालेला घोडा. आईने ती पुस्तकं कधी हातात धरली नाहीत. ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती खाली का नाही उतरली?"

"कशी उतरेल? ते येणार होते."

"पाय होते ना तिला?"

"आई, तिच्यावर जबाबदारी होती."

"कुणी टाकली? त्यांनी सांगितलं होतं, तू थांब म्हणून?"

पुस्तकात कुणीच सांगत नाही. तीच म्हणते.

आईने कप खाली ठेवला. "मी तुला कधी थांब म्हटलंय?"

मी म्हटलं, "म्हणायला कशाला लागतं? तुझं हाड मोडलंय."

"मोडलं होतं. जुळून जमाना झाला." ती उठली, काठी न घेता दारापर्यंत गेली आणि परत आली. नेहमीसारखी नाही, चांगली झपझप. "तू घरात असलीस की मी काठी घेते. नाहीतर तू आरडाओरडा करतेस. रोज दुपारी मी खालच्या शिंपीणबाईंकडे असते. काजं-बटणं करते, काठ दुमडून देते. तिची नजर गेलीय, माझी शाबूत आहे. आम्ही दोघी गाणी लावतो."

"जिने उतरतेस?"

"मग काय उडत जाते?"

मी संतापले. मी म्हटलं, "म्हणजे तू मला फसवत होतीस. मी तुझ्यासाठी सरांना नाही म्हटलं. मोठं काम होतं, दुसऱ्या शहरात, माझ्या हाताखाली माणसं."

आईचा चेहरा बदलला. "कधी?"

"या महिन्यात."

"आणि मला विचारलं नाहीस." मग ती ओरडली. माझी आई ओरडत नाही, पण ओरडली. "त्या दिवशी जेवताना दादा म्हणाला, तू आहेसच. त्याने मला विचारलं नाही. तू सरांना नाही म्हणालीस, तू मला विचारलं नाहीस. मी काय खुर्ची आहे का, कुणाच्या घरात ठेवायची ते तुम्ही ठरवायचं? तुझ्या मनात काहीतरी चाललंय हे दिसत होतं मला, मी रोज वाट बघायचे, आज ही काही सांगेल, आज सांगेल. उद्या जाऊन सांग त्या सरांना."

"आता दुसऱ्याला दिलं ते."

"सांग तरी."

मी खोलीत येऊन दार आपटलं. थोड्या वेळाने तिनेही तिचं दार आपटलं. माझ्यापेक्षा जोरात.

सोमवार, ३१ मार्च

सरांकडे गेले. म्हटलं, "माझं चुकलं, मला जायचंय." सर म्हणाले, त्यांनी मास्तरला शब्द दिलाय, आता फिरवता येत नाही. "त्याच्या हाताखाली मुख्य तंत्रज्ञ म्हणून जाल का?"

मास्तरच्या हाताखाली. ज्याला दाताची छटा कळत नाही, ज्याच्या कॅपा हलतात.

"आधी नाही म्हणाला नसतात तर," सर म्हणाले आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. त्यांनी ते सोडलं याचाच मला जास्त राग आला.

मी म्हटलं, "जाईन."

रविवार, ६ एप्रिल

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "अगं पण मग आई?" आई स्वतःच म्हणाली, "आई आहे की इथे, तिच्याशी बोल." दादा दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिला. म्हणाला, हे असं आयत्या वेळी, जरा समंजसपणा हवा, तिला काही झालं तर. मी एक-एक करून त्याला सगळं ऐकवलं. चिकटपट्टी, कात्री, आणि त्या 'च'पर्यंत. त्याला तो शब्द आठवत नव्हता. "मी असं म्हटलं?" म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. तेच तर.

मी बोलत असताना वहिनी मान खाली घालून खोक्यावर तीच पट्टी पुन्हा पुन्हा चिकटवत होती. हसत होती की रडत होती, कळलं नाही. निघताना तिने माझा हात इतका घट्ट दाबला की बोटं दुखली. कसला राग काढत होती कोण जाणे.

आईने ठरवलंय की रात्री शिंपीणबाई वर झोपायला येणार. मला न विचारता ठरवलं. पलंगही हलवला. माझा पलंग.

रविवार, २७ एप्रिल

इथली खोली लहान आहे, खिडकी मोठी. समोर एका गोदामाची भिंत आणि तिच्यावर दुपारी ऊन येतं. भट्ट्या नव्या आहेत, उत्तम आहेत. मास्तर मला सूचना देतो आणि मी त्या ऐकून घेते. मग मला जे बरोबर वाटतं ते करते, आणि तो ते बघून न बघितल्यासारखं करतो. शुक्रवारी त्याने हळूच विचारलं, "ही छटा कशी साधली?" मी दाखवलं. तोंड वाकडं करून दाखवलं, पण दाखवलं.

पहिली सुट्टी. सकाळी आईला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. माझ्या डोक्यात नाही नाही ते आलं. जिना, स्टूल, ओली फरशी. शेवटी शिंपीणबाईंनी उचलला.

"आई कुठेय?"

"बाहेर गेल्यात."

"कुठे बाहेर?"

"ते नाही सांगितलं."

"एकटी? काठी नेली का? परत कधी येणार?"

"अगं बाई, मला काय ठाऊक? छान कपडे करून गेल्यात. येतील तेव्हा येतील." आणि त्यांनी फोन ठेवला. मागे गाणं चालू होतं.

माझी कानशिलं तापली. मी इथे काळजीने अर्धी झालेय आणि ही छान कपडे करून कुठे गेली, कुणाबरोबर गेली, एक शब्द सांगून जाता येत नाही? मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. कपडे घडी करायचे होते ते तसेच टाकले. दादाला फोन लावायला घेतला आणि ठेवला. काय सांगणार होते त्याला, आई बाहेर गेलीय?

मग कंगवा फिरवला, चपला घातल्या आणि खोलीला कुलूप लावलं. घरमालकीण जिन्यात भेटली. "कुठे निघालात?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं, जरा तडकूनच, आणि जिना उतरले.